योगाभ्यास : रोजचा ताळमेळ

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, २१ जूनच्या योग दिनानिमित्त आपल्या सभागृहात केलेले भाषण)



योगावर बोला असा कमिटीचा आदेश आला तेव्हा मी म्हटलं, अहो, मी योगशिक्षक नाही. बँकेत छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब सांभाळलेला माणूस. सेक्रेटरी म्हणाले, "काका, शिकवू नका. तुम्हाला काय फायदा झाला तेवढं सांगा." म्हणून हे धाडस.

सुरुवात आपल्या गावापासून करतो. इंग्रजीत 'डूलॅली' असा एक शब्द आहे. एखाद्याचं डोकं फिरलं की इंग्रज म्हणतात, हा डूलॅली झाला. हा शब्द आपल्या देवळालीवरून गेला आहे! १८६१ च्या सुमारास इथे इंग्रज फौजेचा तळ पडला. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत या तळावर थांबत. बोटी ठरावीक हंगामातच सुटायच्या. हंगाम हुकला की महिनोन्महिने मुक्काम. हाताला काम नाही, घर सातासमुद्रापलीकडे. मग दारू, भांडणं, आजारपण, आणि काहींचं डोकं खरोखरच फिरायचं. पूर्ण शब्द 'डूलॅली टॅप'. त्यातला टॅप म्हणजे आपला ताप.

गंमत बघा. याच देवळालीत मुंबईची माणसं पिढ्यान्‌पिढ्या हवापालटाला येत आली. लॅम रोडवरची सॅनेटोरियम कशासाठी बांधली? इथल्या हवेसाठी. म्हणजे हवेत दोष नव्हता. जे शिपाई नोकरीच्या धामधुमीत टिकले, ते इथे नुसतं बसून खचले. ताण फक्त जास्त कामाने येतो असं नाही. काम थांबलं आणि मन थांबलं नाही, की तेव्हाही येतो.

हे मला पुस्तकातून कळलं नाही, निवृत्तीनंतर कळलं. आमच्या वेळी कॉम्प्युटर नव्हते. संध्याकाळी कॅश जुळली नाही तर घरी जायचं नाही. पाच रुपयांचा फरक असला तरी रात्री नऊपर्यंत व्हाउचरं चाळायची. सहामाही क्लोजिंगला तर विचारूच नका. निवृत्त झालो, लेजर गेलं, पण फरक शोधायची सवय गेली नाही. विजेचं बिल जास्त का आलं, चहात साखर कमी का, नातवाने बूट कुठे काढले, असं दिवसभर घरात माझं ऑडिट सुरू. आमच्या सौभाग्यवती एकदा म्हणाल्या, "तुमची बँक सुटली हो, पण तिने आता आम्हाला धरलंय."

जुन्या सभासदांना आठवत असेल, अशाच एका वार्षिक सभेत मी तेव्हाच्या खजिनदारांवर तुटून पडलो. हिशेबात १,८४० रुपयांचा फरक दिसत होता. मी भर सभेत विचारलं, "हे पैसे गेले कुणाच्या खिशात?" ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी घरी शांतपणे बेरीज केली, तेव्हा लक्षात आलं की एक व्हाउचर मीच दोनदा धरलं होतं.

चूक कळली, पण कबूल करायला दोन मजले उतरून जाणं जमलं नाही. चौदा महिने आम्ही एकाच लिफ्टमधून जात होतो, एकमेकांकडे पाठ करून. त्या काळात माझं ब्लडप्रेशर वाढलं, झोप उडाली. डॉक्टर म्हणाले, "प्रेशरची गोळी देतो. चिडू नये म्हणून गोळी माझ्याकडे नाही. श्वासाचा काहीतरी अभ्यास करा."

त्याच सुमारास या सभागृहात सकाळी सहाचा वर्ग सुरू झाला होता. बी विंगमधल्या एक भगिनी रीतसर शिकून आल्या होत्या, त्या शिकवत. पहिल्या दिवशी मी उशिरा पोचलो. एकच जागा रिकामी होती. शेजारच्या सतरंजीवर कोण? खजिनदार!

खरं सांगतो, पहिल्या महिन्यात मला काहीही झालं नाही. गुडघा वाकत नव्हता. डोळे मिटले की दुधाचा हिशेब दिसायचा. शवासनात पडावं तर तिकडे तोफखान्याचा सराव सुरू व्हायचा आणि खिडकीची तावदानं थरथरायची. पण मी चुकवला नाही, कारण हजेरीची सवय बँकेची. तिसऱ्या महिन्यात एक गोष्ट घडली. घरी कशावरून तरी राग आला, आणि तो येताना मला दिसला. छाती आवळली, श्वास तुटक झाला, जबडा घट्ट झाला. इतकी वर्षं राग आल्यावर बोलून झालं की कळायचं. त्या दिवशी बोलण्याच्या आधी कळलं. राग आणि शब्द यांच्यात एका श्वासाची जागा झाली होती. माझ्या मते योगाने मला जे दिलं ते एवढंच, आणि ते पुष्कळ आहे.

त्यानंतर आठवड्याभरात मी दोन मजले उतरलो. म्हटलं, "त्या हिशेबात चूक माझी होती." ते म्हणाले, "माहीत आहे. मी त्याच रात्री जुळवून बघितलं होतं." मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?" ते म्हणाले, "तुम्ही याल म्हणून थांबलो होतो. बसा, चहा टाकतो."

पुढे दोन वर्षं आम्ही शेजारी शेजारी बसून अभ्यास केला. नंतर ते गेले. मी आणखी थोडा उशीर केला असता तर? हा प्रश्न मला आजही पडतो. त्या सभेत केलेला आरोप मी आज, याच सभागृहात, सर्वांसमोर परत घेतो.

आता हे होतं कसं? एक प्रयोग करू. उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर ठेवा, नाडी सापडेल. सावकाश श्वास घ्या. आता त्याहून सावकाश सोडा. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंद होते. आपल्या शरीरात व्हेगस नावाची एक मोठी नस मेंदूपासून हृदय आणि पोटापर्यंत जाते. श्वास सोडताना तिचा हृदयावरचा लगाम जरा घट्ट होतो. राग, भीती, परीक्षेचं टेन्शन यांत श्वास उथळ आणि जलद होतो. मनाला थेट हुकूम देता येत नाही, पण श्वासाला देता येतो. खिडकी बंद असेल तर बाजूच्या दाराने आत जावं, तसं आहे हे.

या गोष्टी नुसत्या श्रद्धेवर ठेवू नयेत, तपासून बघाव्यात, हा आग्रह आपल्या महाराष्ट्रातच धरला गेला. स्वामी कुवलयानंद, मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं. एक्स-रे आणि रक्तदाब मोजण्याची यंत्रं घेऊन त्यांनी योगक्रियांचा अभ्यास केला आणि 'योग मीमांसा' हे नियतकालिक काढलं. बी. के. एस. अय्यंगार लहानपणी अतिशय आजारी असत. १९३७ मध्ये ते पुण्यात शिकवायला आले. खुर्ची, दोर, पट्टा, लाकडी ठोकळे वापरून त्यांनी आसनं म्हाताऱ्या आणि दुखऱ्या शरीरांनाही शक्य करून दिली. आणि आपल्या नाशिकमध्ये विश्वास मंडलिक यांनी योग विद्या धामच्या माध्यमातून हे शिक्षण सर्वसामान्यांपर्यंत नेलं. २०१८ मध्ये त्यांना योगप्रसारासाठीचा पंतप्रधान पुरस्कार मिळाला.

आता ज्येष्ठांसाठी चार अनुभवाचे बोल. बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. माझी आजही चालू आहे. बीपी, हृदयविकार किंवा काचबिंदू असेल तर डोकं खाली करण्याची आसनं आणि श्वास रोखून धरणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसा, लाज वाटू देऊ नका. टीव्हीवर बघून एकदम उड्या मारू नका, समोर शिकवणारं माणूस हवं. आणि वेळ थोडा ठेवा, पण रोज ठेवा. आम्ही बँकेत रिकरिंग डिपॉझिट विकायचो. दरमहा शंभर रुपये भरणाऱ्याचे पैसे साठायचे. "एकदम मोठी रक्कम भरतो" म्हणणारा परत यायचाच नाही. पतंजलींनीही अभ्यासाला हीच अट घातली आहे : पुष्कळ काळ, खंड न पाडता आणि मनापासून.

तरुण मंडळींना एवढंच सांगतो, आमच्यासारखे साठीपर्यंत थांबू नका. पेपर हातात पडला की लिहायच्या आधी पाच श्वास सावकाश सोडा. फुकट आहे, करून बघा.

आमच्या वर्गाची गरज एवढीच, एक सतरंजी आणि रिकामं पोट. सकाळी सहाला सभागृह उघडं असतं. आणि या पंचवीस वर्षांत कुणाचं कुणाशी बोलणं बंद झालं असेल, तर त्यांनी दोघांनीही यावं. शेजारची जागा आम्ही ठेवू.