फोर बाय फोरचा दांडा कधी ओढायचा?

कळवण तालुक्यात नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढताना पक्की डांबरी सडक लागते. शेतशिवारात मात्र पावसानंतर काळ्या मातीचा चिखल. थार किंवा जुनी जीप या दोन्ही वाटांवर चालते, पण एकाच मोडमध्ये नाही.

कोरड्या डांबरावर ‘टू एच’च हवा, म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. ‘फोर एच’ (चारही चाकांना ताकद) टाकला की ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडतो. चिखलात चाक थोडं घसरून तो फरक भरून काढतं; कोरड्या सडकेवर घसरायला जागाच नसते. मग सगळा ताण गिअरवर येतो, स्टिअरिंग जड होतं, टायर घासतात. असं जाणवलं तर गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, ताण सुटतो आणि दांडाही सुटतो.

ओला चिखल, सुटी खडी, वाळू असेल तर ‘फोर एच’. तोही रुतण्याआधी टाका, चाकांनी खड्डा खणल्यावर नव्हे.

‘फोर एल’ (चारही चाकांना ताकद, पण लो गिअरमध्ये) संथ, अवघड कामासाठी: रुतलेली गाडी काढणं, खडकाळ चढ, निसरडा तीव्र उतार. उतारावर इंजिनच गाडीला धरून ठेवतं. हा मोड गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये घाला. नेमकी पद्धत आपल्या गाडीच्या पुस्तिकेत पाहा.

आणि एक गोष्ट मला फार कळकळीने सांगायची आहे. चारही चाकांना ताकद मिळाली म्हणून ओल्या घाटात ब्रेक लवकर लागत नाही. तिथे वेग कमीच ठेवा.