नकाशातला नुक्ता

घराचा जुना नकाशा, मोटरच्या वायरिंगचा आराखडा, यंत्राच्या एखाद्या भागाचे ड्रॉइंग असे कागद जीर्ण होण्याआधी स्कॅन करून ठेवावेत, हे आता बहुतेकांना पटले आहे. कागद काचेवर ठेवला की संगणक विचारतो, फाइल कोणत्या प्रकारात ठेवू? जेपेग, पीएनजी, टिफ की पीडीएफ? आपण घाईत ओळखीच्या नावावर बोट ठेवतो. ते नाव बहुधा जेपेग असते.

जेपेग ही १९९२ साली प्रमाणित झालेली पद्धत मुळात छायाचित्रांसाठी आहे. ती चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि डोळ्यांना फारसे न जाणवणारे बारकावे टाकून देते. आभाळाला, झाडीला ते चालून जाते. नकाशात मात्र पांढऱ्यावर काळी रेघ असते आणि तिच्याशेजारी आकडा. त्यांच्या धारदार कडांभोवती जेपेग धुरकट डाग सोडते. फाइल जास्त दाबली तर दशांशचिन्हाचा ठिपका त्या धुरात हरवू शकतो. उर्दूत एक नुक्ता वरून खाली आला, तर ‘खुदा’चा ‘जुदा’ होतो. हा ठिपकाही त्याच जातीचा!

तरी जेपेगचा दोष निदान दिसतो. २०१३ साली जर्मनीत डेव्हिड क्रिझेल या संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलेला दोष दिसतच नव्हता. घराच्या नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळे वेगवेगळी होती : १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर. यंत्रातून निघालेल्या प्रतीत तिन्ही खोल्या १४.१३! यंत्र झेरॉक्स कंपनीचे होते. जिच्या नावानेच आपण नकलेला ओळखतो, तीच कंपनी. यंत्रातली जेबिग-टू ही पद्धत सारखे दिसणारे आकार एकदाच साठवते आणि तोच ठसा दुसरीकडे उमटवते. त्यामुळे चुकीचा आकडाही स्वच्छ, ठसठशीत दिसतो. कंपनीने नंतर दुरुस्ती दिली. पण तोवर कुठल्या नकाशातला कुठला आकडा बदलला, हे कसे शोधायचे?

मग निवडायचे काय? निव्वळ काळ्या रेघांच्या ड्रॉइंगसाठी टिफ, आणि त्यात ‘ग्रुप फोर’ हा पर्याय. ही फॅक्सच्या दुनियेतून आलेली पद्धत रंग कुठे बदलतो एवढेच टिपते आणि एकही ठिपका गमावत नाही. ए-फोर कागद इंचाला ३०० ठिपक्यांनी स्कॅन केला, तर सुमारे ८७ लाख ठिपके होतात. तरी फाइल आटोपशीर राहते. पेन्सिलीच्या पुसट रेघा किंवा निळी अमोनिया प्रिंट असेल, तर काळ्या-पांढऱ्यात स्कॅन करू नका, अर्ध्या रेघा तिथेच गळतील. करड्या छटांत किंवा रंगीत स्कॅन करून पीएनजीत ठेवा. १९९६ पासूनचे हे पीएनजी काहीच टाकून देत नाही आणि मोबाइलवरही उघडते. पीडीएफ हे नुसते पाकीट आहे. आत जेपेगही असू शकते आणि जेबिग-टूही.

एकदा जेपेग केलेले चित्र पुढे पीएनजी केले, तरी गेलेली रेघ परत येत नाही. त्यामुळे निवड स्कॅन करतानाच करावी लागते. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘फोटो’ म्हणून पाठवू नका, वाटेत चित्र पुन्हा दाबले जाते; ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. आणि कागद रद्दीत देण्याआधी दोघांनी बसून, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने पडद्यावर पाहायचे, असे सगळे आकडे ताडून घ्या.