धातूची जाण गावात मुरावी लागते

(ग्वाल्हेर येथील शरद ऋतूतल्या व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



अबुल फझलने ‘आइन-ए-अकबरी’त ग्वाल्हेरबद्दल अगदी थोडे लिहिले आहे. किल्ला, दरवाजातला दगडी हत्ती, इथले गवई, आणि मग एक छोटीशी नोंद : इथे लोखंडाची खाण आहे. गवयांची कीर्ती आपण जिवापाड सांभाळली. लोखंडाची गोष्ट मात्र या शहराच्या बोलण्यातून निघून गेली. ती पुन्हा बोलण्यात यावी, म्हणून आज मी आपल्यापुढे उभा आहे.

धातुउद्योगातली नवी तंत्रे हा आजचा विषय. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. यंत्र पैसे मोजले की दारात येऊन उभे राहते. पण धातू तापताना, निवताना, ओझे झेलताना त्याच्या आत काय घडते, याची जाण अशी मागवता येत नाही. ती गावातल्या माणसांत मुरावी लागते. जिथे ती मुरली, तिथे यंत्रे बदलली तरी उद्योग टिकला. जिथे ती बाहेरून आलेल्या चार माणसांपाशीच राहिली, तिथे ती माणसे गेली आणि मागे रिकाम्या भट्ट्या उरल्या. याचा सगळ्यात ठळक दाखला आपल्याच शिंदेशाहीत आहे.

महादजी शिंद्यांनी बेन्वा द बॉइनच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या केल्या, तेव्हा त्यांना लागणाऱ्या तोफा आपल्याच मुलखात ओतायच्या असे ठरले. आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा आणि बंदुका होऊ लागल्या. मथुरा आणि उज्जैन इथेही तोफा ओतल्या जात. 11 सप्टेंबर 1803 रोजी दिल्लीच्या लढाईत यातल्या कितीतरी तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. त्यांची मोजदाद करताना तोफखान्याच्या अधिकाऱ्यांनी जे टिपून ठेवले, ते धातुशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे असे आहे. काही तोफांवर मथुरेचा लेख, काहींवर उज्जैनचा. कारागिरी ईस्ट इंडिया कंपनीच्या शस्त्रागारातल्या तोफांच्या तोडीची. आणि काही चार-पौंडी तोफा तर दोन धातूंच्या : बाहेरून पितळी, आतून लोखंडी. आतली नळी घडीव लोखंडाच्या चार लांब पट्ट्या शेजारी शेजारी जुळवून केलेली, आणि तिच्याभोवती तोफेचा धातू ओतलेला. दोन्ही धातू एकमेकांना इतके घट्ट बिलगलेले की मध्ये फट दिसत नव्हती.

यात काय साधले ते पाहा. तोफेचा पितळी धातू चिवट असतो. बारूद पेटली की तो ताण सोसतो, सहसा एकदम फुटत नाही. पण गोळा घासून घासून तो आतून झिजतो आणि तापला की नरम पडतो. लोखंड झिजेला पुरे पडते. म्हणून झीज लोखंडाने सोसायची आणि धक्का बाहेरच्या धातूने. आणि हे जमवायचे तर आतली नळी योग्य तितकी तापलेली हवी, तिच्यावर गंज किंवा ओल नको, रस एका धारेने भरला पाहिजे; नाहीतर ओतलेला धातू नळीला धरतच नाही. आज इंजिनाच्या बेअरिंगमध्ये पोलादाच्या पाठीवर दुसरा मऊ धातू चढवतात, त्यामागचे तत्त्व हेच आहे : दोन धातूंत कामाची वाटणी करायची. आपल्या माणसांच्या हातांना ते सव्वादोनशे वर्षांपूर्वी साधले होते. त्याच महिन्यात असईच्या लढाईत मिळालेल्या पितळी तोफा पाहून इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीनेही त्यांची मनापासून वाखाणणी केली.

मग हे ज्ञान गेले कुठे? ओतशाळांवरचे अधिकारी परके होते. गव्हर्नर जनरलने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना फोडले, शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ कंपनीच्या आश्रयाला गेला. गोलंदाज मात्र असईला आपल्या तोफांपाशी मरेपर्यंत उभे राहिले. पुढे दिल्ली, आग्रा, मथुरेचा मुलूख गेला आणि त्याबरोबर तिथले कारखानेही. त्या चार पट्ट्या जुळवणाऱ्या लोहाराच्या कामाचे वर्णन आज आपण वाचतो, ते जिंकणाऱ्याने केलेल्या यादीत. 29 डिसेंबर 1843 रोजी महाराजपूर आणि पनिहारच्या लढायांत पुन्हा तोफा गेल्या, आणि त्यांचा धातू वापरून 1847 साली कोलकात्यात हुगळीच्या काठी ‘ग्वाल्हेर मॉन्युमेंट’ उभे राहिले. इथला धातू तिथे स्मारकाला लागला. तो ओतणाऱ्यांची विद्या मात्र पुढच्या पिढीला मिळाली नाही.

पुढे शिंदे घराण्यातल्या माधव महाराजांनी हा धागा पुन्हा हातात घेतला. छोटी रेल्वे, इंजिनिअरिंग वर्क्स, पॉटरीज, चामड्याचा कारखाना ही त्यांच्या काळातली कामे. 1921 साली बिर्लांची जियाजीराव कॉटन मिल आली, 1943 साली सिमको आली आणि बिर्लानगरात कापडगिरण्यांची यंत्रे तयार होऊ लागली. फिटर, टर्नर, मोल्डर, पॅटर्न मेकर अशा कसबी माणसांची एक पिढीच तिथे घडली. कारखाने बंद पडले तेव्हा पगार बुडाले, संसार उघड्यावर आले, हे या शहराने भोगले आहे. पण त्याबरोबर हातातले कसबही विखुरले, त्याचा हिशोब कोणी केला नाही. कोणी पानाची टपरी टाकली, कोणी फरिदाबाद गाठले.

आता आजच्या ग्वाल्हेरकडे येऊ. झाशीच्या वाटेवर सिथौलीला रेल्वेचा स्प्रिंग कारखाना आहे. माधवराव शिंदे रेल्वे राज्यमंत्री असतानाच्या काळातली ही देणगी. रेल्वेच्या डब्यांना आणि इंजिनांना लागणाऱ्या गुंडाळी स्प्रिंगा तिथे तयार होतात. ज्या गाडीने आपण पुण्याला किंवा मुंबईला जातो, तिच्या चाकांवर आपल्या गावचे पोलाद दबत आणि उसळत असते. ही वस्तू मी जवळून दाखवतो, कारण धातुउद्योगातले नवे-जुने सारे प्रश्न तिच्यात एकत्र आले आहेत.

अशी स्प्रिंग क्रोमियम आणि व्हॅनेडियम मिसळलेल्या पोलादाच्या सळईपासून होते. आधी सळईची वरची कातडी सोलून काढतात, कारण पोलादाच्या पृष्ठभागावरची केसाएवढी चीर पुढे प्राणघातक ठरते. मग सळई 900 अंशांच्या वर तापवून, लालभडक असतानाच गुंडाळतात आणि तेलात बुडवतात. आता ती कडक झाली, पण ठिसूळही झाली. म्हणून पुन्हा 400 ते 500 अंशांच्या आसपास तापवून तिचा ठिसूळपणा उतरवायचा. भट्टीत ती जास्त वेळ राहिली तर कार्बन पृष्ठभागावरून जळून जातो आणि वरचा थर मऊ पडतो. हा थर डोळ्यांना दिसत नाही. तो दिसतो लाखो वेळा दबल्यानंतर, स्प्रिंग मोडते तेव्हा.

धातू थकतो, हे जगाला रेल्वेनेच शिकवले. 8 मे 1842 रोजी व्हर्सायजवळ इंजिनाचा आस मोडून भीषण अपघात झाला, पन्नासहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर प्रशियात आउगुस्ट व्योलरने वर्षानुवर्षे आसांवर प्रयोग करून दाखवले की एकदा आले तर पोलाद सहज पेलते तेच ओझे लाखो वेळा आले की ते मोडते. चीर पडते ती बहुधा पृष्ठभागावर, आणि ताणानेच उघडते. यावर सापडलेला उपाय फार सुंदर आहे. तयार स्प्रिंगवर पोलादाच्या बारीक गोळ्यांचा वेगाने मारा करायचा. त्याला शॉट पीनिंग म्हणतात. प्रत्येक गोळी पृष्ठभागावर सूक्ष्म खळगा पाडते आणि वरचा पातळ थर कायमचा आवळलेला राहतो. आवळलेल्या थरात चीर उघडायला जागाच मिळत नाही.

पण मारा पुरेसा झाला की नाही, हे कळायचे कसे? जनरल मोटर्समधल्या जॉन आल्मेनने त्यासाठी एक पट्टी शोधली. सुमारे 76 मिलिमीटर लांब, 19 मिलिमीटर रुंद, पातळशी. ती चार स्क्रूंनी ठोकळ्यावर आवळायची, स्प्रिंगबरोबर माऱ्याखाली धरायची आणि मग सोडायची. मारा बसलेली बाजू पसरू पाहते आणि पट्टी कमानीसारखी वाकते. कमानीची उंची मोजली की माऱ्याचा जोर समजतो. लाखो रुपयांच्या यंत्राचे काम काही रुपयांची पट्टी सांगते. पण ती का वाकली हे समजणारा माणूस तिथे उभा हवा. तो नसेल तर रजिस्टरात आकडे भरले जातील आणि स्प्रिंगा मोडत राहतील.

नव्या तंत्रांकडे मी याच नजरेने पाहतो. आज भट्टीतले तापमान सेन्सर क्षणोक्षणी नोंदवतो, कॅमेरा पृष्ठभागावरची चीर टिपतो आणि संगणक हजारो जुन्या नोंदी ताडून सांगतो की हा तुकडा संशयास्पद आहे. हे सगळे हवेच. पण संगणकाला शिकवायला ज्या नोंदी लागतात, त्या जाणत्या माणसाने केलेल्या असल्या तरच उपयोगाच्या.

धातूच्या भुकटीतून थर थर वितळवत वस्तू घडवणारी थ्रीडी छपाई घ्या. ‘इस्रो’ने 9 मे 2024 रोजी पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचे असे छापलेले इंजिन 665 सेकंद चालवून पाहिले. पूर्वी 14 भाग होते, आता एक. 19 वेल्डिंगचे जोड गेले. एका इंजिनाला 565 किलो कच्चा माल लागायचा, तिथे 13.7 किलो भुकटी पुरली. हे आकडे ऐकून कोणाचेही मन हरखेल. पण त्याच छपाईत भुकटीचा कण ओलसर राहिला किंवा लेसरचा वेग चुकला तर आत बारीक पोकळ्या राहतात. ओतारी ज्याला ब्लोहोल म्हणतो, त्याच्याच त्या जातीच्या. जुन्या ओतकामाची समज असलेला माणूस नव्या यंत्रावर लवकर तयार होतो.

कोल्हापूरने हे करून दाखवले आहे. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत तेलाच्या इंजिनांच्या काळापासून ओतकाम मुरलेले. पूर्वी नवे कास्टिंग आले की साचा करायचा, रस ओतायचा, तुकडा कापून पोकळी कुठे राहिली ते पाहायचे आणि साचा पुन्हा बदलायचा. आता हे आधी संगणकाच्या पडद्यावर पाहता येते. मुंबईच्या आयआयटीत प्रा. बी. रवी यांनी ओतकामासाठी असे देशी सॉफ्टवेअर तयार केले आणि छोट्या कारखानदारांसाठी ‘ई-फाउंड्री’ इंटरनेटवर खुली केली. पडद्यावरचा लाल डाग म्हणजे कुठला धोका, हे ज्याने हाताने साचा भरला आहे त्याला लगेच उमगते.

यापुढचा मोठा बदल धुराचा आहे. भारतात एक टन पोलाद करताना सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. डिसेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने हरित पोलादाची व्याख्या ठरवली : टनामागे 2.2 टनांहून कमी उत्सर्जन असेल तरच ते हरित. स्वीडनमध्ये कोळशाऐवजी हायड्रोजन वापरून लोहखनिजातला प्राणवायू काढला; धुराड्यातून वाफ गेली, आणि ऑगस्ट 2021 मध्ये त्या पोलादाची पहिली खेप व्होल्व्हो कंपनीला मिळाली. हे सगळे परदेशातले आहे असे समजू नका. 1 जानेवारी 2026 पासून युरोपच्या सीमेवर लोखंड-पोलादाच्या मालावर कार्बनचा आकार लागू झाला आहे. नट-बोल्टसुद्धा त्यात आले. मालनपूर किंवा बानमोरच्या एखाद्या लहान कारखानदाराने उद्या युरोपात बोल्ट पाठवायचा म्हटला, तर त्याला आणलेल्या सळईच्या धुराचा हिशोब दाखवावा लागू शकेल. तो हिशोब ठेवणारी माणसे इथेच तयार झाली पाहिजेत.

मग ग्वाल्हेरने करायचे काय? या शहराने एकदा एक फार मोठे काम केले आहे. घराण्यातली गायकी गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात जायची, कागदावर नसायची. पंडित भातखंड्यांनी ती स्वरलिपीत बांधली आणि माधव महाराजांनी 1918 साली इथे संगीत महाविद्यालय काढले. जी विद्या घराण्याच्या दाराआड होती, तिची शाळा झाली. तेच आता धातूच्या विद्येसाठी व्हावे, ही माझी मागणी आहे.

बिर्लानगरचे जुने मोल्डर आणि पॅटर्न मेकर अजून आपल्यात आहेत. त्यांच्याकडून त्यांची कामे, त्यांच्या खुणा, रंगावरून तापमान ओळखण्याची त्यांची पद्धत लिहून घ्या, चित्रित करा, मराठीत आणि हिंदीत छापा. आयटीआयच्या मुलाच्या हाती ते पुस्तक पडू द्या. दुसरे, 1957 पासून इथे माधव अभियांत्रिकी संस्था आहे. तिथल्या प्रयोगशाळेची दारे लहान कारखानदारांना ठराविक दिवशी उघडी असावीत. आणि तिसरे, शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक प्रकल्पाचा विषय एखाद्या कारखान्यातून नापास होऊन आलेला खरा तुकडा असावा.

आज या सभागृहात काही कारखानदार बसले आहेत. त्यांनी येत्या आठवड्यात आपल्याकडचा एक मोडलेला दांडा, एक चिरलेली स्प्रिंग, एक फुसके निघालेले कास्टिंग भंगारात न देता विद्यार्थ्यांकडे न्यावे. विद्यार्थ्यांनी ते कापावे, आरशासारखे घासावे, त्यावर अल्कोहोलात मिसळलेले सौम्य नायट्रिक आम्ल लावावे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. ते का मोडले हे लिहून ज्याचे त्याला परत द्यावे, आणि एक प्रत ग्रंथालयात ठेवावी. अशा शंभर नोंदी झाल्या की ग्वाल्हेरपाशी स्वतःचे असे धातुज्ञान असेल, आणि पुढे येणारे कोणतेही यंत्र चालवायला बाहेरून माणूस बोलवावा लागणार नाही. ही सुरुवात कोणाच्या अनुदानावाचून, याच महिन्यात करता येण्यासारखी आहे. ती आपण करावी, एवढीच विनंती.