गेला, गेली आणि इटालियन



इटालियन शिकताय?
मग तुमची मराठी कामाला येईल.

आपण म्हणतो, दादा गेला, ताई गेली.
इटालियनमध्ये मारिओ ‘ए आंदातो’.
मारिया मात्र ‘ए आंदाता’.
शेवटी ‘ओ’, तर तो गेला.
शेवटी ‘आ’, तर ती गेली.
इंग्रजीत ही गंमत नाही.

फसगतही होते बरं का.
‘मानो’ म्हणजे हात.
शेवटी ‘ओ’ आहे, तरी शब्द स्त्रीलिंगी!
नुसते नियम घोकून हे अंगी मुरत नाही.
म्हणून रोज थोडं सोडवा, थोडं वाचा.

सोडवायचं काय?
पाच वाक्यं घ्या.
मुलाच्या जागी मुलगी आणा.
मग एकवचनाचं अनेकवचन करा.
आणि मोठ्यानं म्हणा.
शेजारी हसले, तर हसू द्या.

आता वाचन.
पिनोकिओचा मोह होतो.
पण मूळ पुस्तक एकोणिसाव्या शतकातलं, नवशिक्याला जड.
आधी सोपी केलेली पुस्तकं घ्या.
थोडी तयारी झाली, की जान्नी रोदारी.
त्यांचं 1962 सालचं पुस्तक आहे, ‘फावोले आल तेलेफोनो’.
म्हणजे टेलिफोनवरच्या गोष्टी.
फिरतीवरचा एक विक्रेता रोज रात्री लेकीला फोनवर गोष्ट सांगतो.
फोनचे पैसे त्याच्याच खिशातून!
म्हणून गोष्टी छोट्या.

रात्री एक गोष्ट वाचा.
शब्द अडला, तरी पुढे चला.
सकाळी त्यातलीच पाच वाक्यं वहीत उतरवा.
थोडं वाचलंत, आता थोडं सोडवा.