‘रिपोर्ट नॉर्मल’, तरीही पोट दुखते



सकाळी घराबाहेर पडण्यापूर्वी तीनदा शौचास जाणारा, रेल्वेच्या डब्यात आधी शौचालयाची बाजू पाहून जागा घेणारा, लग्नाच्या पंगतीतून दोन घासांवर उठणारा एखादा गृहस्थ बहुतेकांच्या नात्यात असतो. वर्षानुवर्षे पोटात मुरडा येतो. कधी जुलाब, कधी मलावरोध. रक्त तपासून झाले, सोनोग्राफी झाली, दुर्बिणीने आतडे पाहून झाले. सर्व अहवाल निर्दोष. मग घरातील मंडळी निकाल देऊन मोकळी होतात, ‘‘तुला काही झालेले नाही, उगाच मनाला लावून घेतोस.’’ या एका वाक्याने रुग्णाची जी हानी होते, ती पथ्य मोडल्यानेही होत नसेल.

या व्याधीस ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ म्हणतात. तिच्या निदानाचे निकष ठरलेले आहेत. २०१६ च्या ‘रोम’ निकषांनुसार गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखले पाहिजे, त्या दुखण्याचा संबंध शौचाशी किंवा शौचाच्या वेळांत व स्वरूपात झालेल्या बदलाशी असला पाहिजे आणि लक्षणांचा आरंभ किमान सहा महिन्यांपूर्वीचा असला पाहिजे. याच निकषांनी या गटातील विकारांना ‘आतडे व मेंदू यांच्या परस्परसंबंधांचे विकार’ मानले. म्हणजे तार तुटलेली नाही, पण ती वाजवीपेक्षा अधिक ताणली गेली आहे. तुटलेली तार दुर्बिणीत दिसते, ताणलेली दिसत नाही.

मन पोटात उतरते, याचा प्रत्यक्ष पुरावा फार जुना आहे. १८२२ मध्ये अमेरिकेत अॅलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणास बंदुकीचा बार लागून पोटाला छिद्र पडले आणि ते कधीच पूर्ण बुजले नाही. डॉ. विल्यम ब्यूमाँट यांनी त्या छिद्रातून काही वर्षे जठराचे कार्य न्याहाळले. हा तरुण संतापला की जठराच्या अस्तराचे रूप पालटते आणि पचन बिघडते, हे त्यांनी नोंदवले. आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून अधिक चेतापेशी असतात, आणि आतड्यास मेंदूशी जोडणाऱ्या व्हेगस नाडीतील बहुतेक तंतू निरोप खालून वर नेतात, हे आता ज्ञात आहे. पोट मनाला जितके सांगते, तितके मन पोटाला सांगत नाही!

एक उदाहरण घ्यावे. गृहस्थ कार्यालयात निघतो. पोटात किंचित हालचाल होते. लगेच विचार येतो, ‘बैठकीतून उठावे लागले तर?’ छाती धडधडते, श्वास उथळ होतो, आतड्यांची गती वाढते, आणि भीती खरी ठरते. दुसऱ्या दिवशी तो न्याहारी सोडतो, मग बैठक टाळतो, मग प्रवास, मग माणसे. प्रत्येक टाळाटाळ त्या क्षणापुरती सुटका देते. पण भीती पुढच्या वेळी अधिक बळ घेऊन येते. वर्तनोपचारात हेच चक्र कागदावर मांडतात. रुग्ण काही दिवस रोजनिशी ठेवतो. कोणत्या विचारानंतर कोणते लक्षण आले, हे स्वतःच पाहतो. आणि सोडलेल्या गोष्टी एकेक करून, सोप्यापासून आरंभ करत, पुन्हा धरतो. ब्रिटनमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत औषधांनी न सुधारलेले ५५८ रुग्ण होते. काहींना हा उपचार दूरध्वनीवरून, काहींना संगणकावरून देण्यात आला. दोन्ही गट केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा बरे झाले. समुपदेशकाचे दार गाठण्यासाठी ज्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते, त्यांना या दूरध्वनीचे मोल अधिक कळेल.

संमोहन म्हटले की जादूच्या प्रयोगातला लोलक आठवतो. मँचेस्टरच्या डॉ. पीटर व्होरवेल यांचे काम तसले नव्हते. १९८४ मध्ये त्यांनी असाध्य मानलेल्या ३० रुग्णांवर चाचणी केली. निम्म्यांना अर्ध्या-अर्ध्या तासाची संमोहनाची सात सत्रे दिली. उरलेल्यांना मानसोपचार आणि दिखाऊ गोळी. पोटावर हात ठेवून तेथील ऊब अनुभवणे आणि आतडे शांत होत असल्याची कल्पना करणे, हा या पद्धतीचा गाभा. दुसऱ्या गटास अल्प लाभ झाला. संमोहनाच्या गटात मात्र वेदना, पोटफुगी, शौचाची सवय, सर्वच ठळकपणे सुधारले.

चरकाचार्यांनी अतिसाराचे प्रकार सांगताना भयज आणि शोकज असे दोन स्वतंत्र मानले, आणि त्यांवर वातशामक उपायांबरोबर हर्षण व आश्वासन सांगितले, हे येथे आठवणे उचित ठरेल. म्हणून पूर्वजांना आजचे सर्व ठाऊक होते असे म्हणणे भाबडेपणाचे आहे. पण भय हे रोगाचे कारण मानणारी दृष्टी त्यांच्यापाशी होती, हे खरे. योगासनांबाबतही असाच तोल हवा. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील २००४ च्या अभ्यासात जुलाबप्रधान विकाराच्या काही रुग्णांनी दोन महिने रोज दोनदा आसने व सूर्यनाडी प्राणायाम केला, तर इतरांनी लोपेरामाइड हे औषध घेतले. दोन्ही गटांत लक्षणे घटली. पण रुग्ण होते अवघे २२. एवढ्यावर ध्वज उभारता येत नाही.

शौचातून रक्त जाणे, विनाकारण वजन घटणे, ताप, पंडुरोग, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली तक्रार किंवा कुटुंबात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, यांपैकी काहीही असल्यास आधी सखोल तपासणी झाली पाहिजे. भारतात आतड्याचा क्षय आजही आढळतो; तो नाही याची खात्री डॉक्टरांनी दिल्यावरच प्राणायामाची सतरंजी अंथरावी.