बालबोधकार विनायक कोंडदेव ओक आणि आपली मुले



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान दरवर्षी होते, त्यांनी सुर्ल्यातल्या दोन पिढ्यांना अक्षर लावले. त्यांच्या नावाने बोलण्याचा मान मला मिळाला, याबद्दल संस्थेचा मी ऋणी आहे. आजच्या विषयासाठी मी अशा एका गृहस्थांची निवड केली आहे, ज्यांनी मुलांसाठी लिहिण्यात आपले निम्मे आयुष्य वेचले. ते म्हणजे विनायक कोंडदेव ओक.

या नावाशी माझी ओळख फार लहानपणी झाली. आमच्या आजोबांच्या लाकडी पेटीत पोथ्यांच्या तळाशी ‘बालबोध’ मासिकाचा एक बांधीव खंड होता. पुठ्ठा गेलेला, कडा कसरीने खाल्लेल्या. घरी आम्ही कोंकणी बोलत असू. परंतु पोथी, आरती आणि पत्र मराठीत. ती छापील मराठी अक्षरे मी बोट ठेवून वाचत गेलो. एका थोर पुरुषाचे चरित्र अर्ध्यावर आले आणि पुढची पाने नव्हती. मी आजोबांना विचारले, “पुढचा अंक केव्हा येणार?” ते म्हणाले, “अरे, तो काढणारा जाऊन किती वर्षे झाली!” मुलाच्या तोंडून असा प्रश्न निघावा, हेच बालबोधकारांचे खरे यश होते, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

ओकांचा जन्म २५ फेब्रुवारी १८४० रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील हेदवी या गावी झाला. शालेय शिक्षण बेताचे. पुढे त्यांनी शिक्षणखात्यात नोकरी केली. मुले काय वाचू शकतात आणि कोठे अडखळतात, हे त्यांनी शाळांमधूनच पाहिले असणार. १८८१ साली त्यांच्या संपादकत्वाखाली ‘बालबोध’ मासिक सुरू झाले आणि ९ ऑक्टोबर १९१४ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत त्यांनी ते चालविले. तेहेतीस वर्षे, दरमहा एक अंक. हिशेब केला तर चारशेच्या आसपास अंक होतात. त्याच १८८१ साली त्यांची लाचलुचपतीवरील ‘शिरस्तेदार’ ही कादंबरीही प्रसिद्ध झाली. म्हणजे मोठ्यांसाठी लिहिण्याची वाट त्यांना मोकळी होती. तरीही त्यांनी आपली लेखणी प्रामुख्याने मुलांच्या सेवेला लावली.

या कामी त्यांना साथ लाभली ती मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी यांची. जावजींनी १८६९ साली हा छापखाना काढला आणि देवनागरी टंकांच्या सुबकपणामुळे तो सर्वत्र नावाजला गेला. शास्त्रग्रंथांसाठी जी काळजी, तीच मुलांच्या मासिकासाठीही असावी, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

मासिकाचे नावही विचार करण्याजोगे आहे. त्या काळी हिशेब, खाजगी पत्रे आणि दफ्तरे मोडीत लिहिली जात. तिच्याहून वेगळी, सुट्या अक्षरांची देवनागरी लिपी लोकांत ‘बालबोध’ म्हणून ओळखली जाई. मुलालाही बोध व्हावा अशी. ओकांनी हे लिपीचे नाव मासिकाला दिले आणि लेखनाची कसोटीही तीच ठेवली. वाक्य असे असावे, की अर्थासाठी मुलाला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागू नये.

गोमंतकीयांना या गोष्टीचे मोल अधिक वाटावे. हिंदुस्थानातील पहिला छापखाना १५५६ साली आपल्या गोव्यात आला. फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, तेही रोमी लिपीत. छापण्याचे यंत्र एवढ्या लवकर दाराशी येऊनही आमच्या डिचोली, पेडण्याच्या मुलाला त्याच्या ओळखीच्या अक्षरांतले, त्याच्यासाठीच काढलेले मासिक मिळायला एकोणिसावे शतक सरत यावे लागले. आणि तेही आले मुंबईहून.

ओकांच्या आधी मराठीत मुलांसाठी पुस्तके नव्हती असे नाही. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीति’ १८२८ सालचे. परंतु पुस्तक एकदा वाचून संपते. मासिकाची वाट पाहावी लागते. चरित्र, कविता, निबंध आणि शास्त्रीय माहिती असा ठरलेला शिधा ओकांनी दरमहा मुलांपुढे ठेवला. नीतीच्या गोष्टींबरोबर सृष्टीची आणि परदेशांची ओळखही मुलाला हवी, हा विचार त्यामागे होता.

त्यांच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. त्यांच्या लेखनात उपदेश पुष्कळ आहे. पुढे १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ मासिक आले. त्याच्या नावातच मुलांच्या ओढीची अधिक जाण दिसते. तरीही वाट पाहणारा बालवाचक अगोदर तयार झाला होता, आणि तो तयार करण्यात ओकांचा वाटा मोठा होता.

येथे मला एक कबुली द्यायची आहे. मी एका शाळेत अनेक वर्षे शिकविले. तेथील पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असे. पुस्तके हरवतील, फाटतील, तपासणीत यादी जुळणार नाही, या भीतीने मी ते कपाट क्वचितच उघडले. एकदा चौथीतली एक मुलगी धीर करून म्हणाली, “गुरुजी, आतले एक पुस्तक बघू?” मी म्हणालो, “परीक्षा होऊ दे.” परीक्षा झाली, सुट्टी लागली, आणि ती मुलगी गाव सोडून गेली. निवृत्तीच्या वेळी यादी तपासली, तेव्हा एकही पुस्तक हरवलेले नव्हते. त्या दिवशी मला जी लाज वाटली, ती अजून गेलेली नाही. ओकांनी चारशे वेळा जे कपाट उघडले, ते मी एकदाही मनापासून उघडले नव्हते.

आज आपल्या खेड्यांतील मराठी प्राथमिक शाळांचे पट रोडावत आहेत. शासनाचे धोरण, पालकांची ओढ, ही कारणे आहेतच. त्यांवर वाद होत राहतील. पण जे मूल आज वर्गात बसले आहे, त्याला दरमहा वाचायला नवे काही मिळते का, हा प्रश्न आपल्या हातातला आहे. माझी संस्थेला नम्र विनंती आहे, की या शाळेत महिन्याला एक हस्तलिखित अंक निघावा. त्यात सुर्ल्याच्या शेतांवर आणि झाडांवर, येथल्या खाणींवर, आजीच्या गोष्टींवर मुलांनी लिहावे. चार पानेच असोत. परंतु ठरल्या तारखेला ती भिंतीवर लागावीत. पहिल्या वर्षाचा कागद आणि शाई मी देईन, आणि जुन्या सवयीची भरपाई म्हणून दर शनिवारी येऊन कपाट उघडून बसेन.

कोणी मूल “पुढचा अंक केव्हा येणार?” असे विचारील, तेव्हा त्याला तारीख सांगता यावी. गुरुजींच्या स्मृतीला याहून उचित वंदन मला सुचत नाही.