खालच्या सुरांचा पहारा

आंबा संपतो, १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते, मिरकरवाडा बंदरातली गजबज ओसरते. भाताची लावणी उरकली की गावात सांगण्यासारखं काही घडत नाही. या दिवसांना आपण भाकड म्हणतो. मला मात्र कोकणातलं सर्वांत खोल गाणं ऐकायला मिळालं ते याच दिवसांत.

श्रावणात गावोगावी नामसप्ताह बसतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, भजन खंडू द्यायचं नाही. वाड्या पहारे वाटून घेतात. संध्याकाळच्या पहाऱ्याला देऊळ भरतं, बुवा वरच्या पट्टीत चढतात आणि गजराला टाळ असे कडाडतात की बाहेरचा पाऊस ऐकू येत नाही. तेही मला आवडतं. पण रात्री दोननंतरचा पहारा ऐका. सात-आठ माणसं, दिवसभर बेणणी करून आलेली. आवाज चढवायचं त्राण नसतं, म्हणून अभंग आपसूक मंद्रात उतरतो. दमट हवेनं पखवाजाचं कातडं सैल पडलेलं असतं. वाजवणारा हातोडीनं गठ्ठे ठोकतो, डाव्या अंगाला ओल्या कणकेचा नवा गोळा थापतो. मग जो घुमारा उठतो, तो बसल्या जागी अंगात शिरतो. अभंगातलं एकेक अक्षर सुटं होऊन कानावर येतं.

आमच्या गावातले एक आजोबा हाच पहारा मागून घ्यायचे. आवाज बेताचा. पण खालच्या पंचमावर थांबले, की षड्जावर परतायची घाई त्यांना नसे. पुढे मोठमोठ्या मैफली ऐकल्या. असं थांबणं क्वचितच ऐकलं.

हल्ली डबलबारी भजनात सुरुवातीची रूपावली कशीबशी उरकून गजराकडे धाव घेतात, ते मला खटकतं. बुवांना तरी काय म्हणावं? टाळ्या आपणच तिथे वाजवतो. ख्याल विलंबित असतो तेव्हा चहाला उठणारेही आपणच. पण गवईसुद्धा पहाटे खालचा खर्जच भरतात, कारण तार षड्जाचं बळ तिथेच तयार होतं.

जानेवारीत थिबा राजवाड्याच्या आवारातल्या संगीत महोत्सवाला तुम्ही जालच. त्याआधी या श्रावणात एक रात्र जागा. जवळच्या देवळात दोननंतरच्या पहाऱ्याला जा, खांबाला टेकून बसा आणि निदान एक अभंग पुरता संपेपर्यंत उठू नका.